माझ्या पेन्सिलीची चांदणी

आकाशात चांदण्या किती, ते मला माहीत नाही. पण त्यांतली एक मी केली आहे. शिसपेन्सिलीनं. सांगलीच्या पेठेतल्या अर्ध्या लोकांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, बायकांनी तिला कुंकू लावलं, आणि एका शहाण्या मास्तरांनी तिच्यावरून लढाई आता संपणार हेही सांगून टाकलं. एवढं सगळं झालं आणि नाव झालं दुसऱ्याचं. ते मला अजून पचलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा कराडकडचा. घरी ऊस होता, थोरले दोघे भाऊ पलटणीत होते, आणि माझ्या हाताला नांगरापेक्षा पेन्सिल हलकी वाटत होती. साताऱ्याला एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे रिटचिंग शिकलो आणि लढाई सुरू व्हायच्या सुमाराला सांगलीत एका स्टुडिओला चिकटलो. रिटचिंग म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. तिथं टोकदार पेन्सिलीनं बारीक ठिपके देत जायचं. जिथं पेन्सिल लागते तिथं छापल्यावर उजळतं. देवीचे व्रण, गालाचे खड्डे, डोळ्यांखालचं काळं, सगळं त्या उजेडात बुजून जातं. बस्, एवढंच. पण एवढंच जमायला माणसाचा हात कबुतराच्या छातीसारखा मऊ लागतो, आणि असा हात साताऱ्यापासून मिरजेपर्यंत एकच होता. कुणाचा, ते सांगायची गरज नाही.

एका सुभेदाराच्या तोंडावरचे व्रण मी असे बुजवले की फोटो घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. परका पुरुष माजघरात कसा ठेवायचा म्हणून तिनं तो फोटो बारा दिवस ओसरीवर ठेवला. चूक झाली ती एकदाच. एका नामांकित पैलवानाचे मोडलेले कान मी सरळ केले. बिचाऱ्याला बरं वाटेल म्हणून! दुसऱ्या दिवशी तो आला, एका हातानं मला उचललं आणि फडताळावर नेऊन ठेवलं.

"माझं कान दे," म्हणाला.

"पैलवान, आधी खाली तर उतरवा."

"आदी कान. ईस वर्सं माती खाल्ली तवा मोडल्यात ते. फुकट मोडल्यात व्हय?"

मी फडताळावर बसूनच त्याचे दोन्ही कान परत मोडले.

स्टुडिओच्या दारात रस्त्याकडे तोंड करून एक काचेचं कपाट होतं. त्यात एका वेळी एकच मोठा फोटो लागायचा. पेठेतून जाणारा प्रत्येक माणूस त्या काचेपाशी क्षणभर तरी थांबायचा. कुणी फोटो बघायला, कुणी काचेत बघून टोपी सारखी करायला. त्या कपाटात दोन-तीन वर्षं माझं काम होतं. नाटक कंपनीत बायकांची कामं करणाऱ्या एका नटाचा फोटो. त्याच्या दाढीची हिरवट झाक मी तीन दिवस बसून काढली होती, छापलेल्या फोटोवर भुवया केसाकेसानं भरल्या होत्या. फोटो लागल्यावर दोन स्थळं चौकशीला आली. मालकांनी खरं सांगितलं तेव्हा त्यांतला एकजण रडला, आणि दुसरा म्हणाला, "असू द्या, पत्ता तरी द्या." त्या कपाटाकडे बघत मी सकाळचा चहा प्यायचो. माझी इस्टेट म्हणाल तर तेवढी.

मग तो आला.

तो आटपाडीकडचा, धनगराघरचा. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, तोंडावर भरघोस मिशा आणि चालताना एक पाय ओढायचा. पलटणीत भरती होऊन मिसरात, म्हणजे इजिप्तला, गेला होता. तिथं कुठल्या तरी गोऱ्या साहेबाच्या फोटो धुण्याच्या तंबूत पाणी वाहता वाहता सगळं शिकला, पायावर लॉरी गेली म्हणून घरी पाठवला गेला. मालकांनी त्याला डार्करूममध्ये घेतलं. निगेटिव्ह धुवायच्या आणि फोटो छापायचे, हे त्याचं काम. दिवसभर अंधारात असायचा, त्यामुळे आम्हाला तो दिसायचा कमी आणि त्याचं बोलणं तर त्याहून कमी. मला 'आण्णा' म्हणायचा. मला तो आवडायचा. इतपत आवडायचा, की त्याला मी माझी जुनी चप्पल दिली होती.

त्याच्याकडे मिसरातून आणलेला एक डबा कॅमेरा होता. डबाच तो! पुढं एक भोक, बाजूला एक खटका. लग्नाच्या रुखवतात ठेवला असता तर कुणी त्यात लाडू शोधले असते. लढाईमुळे फिल्म मिळत नव्हती. मिळेल ती मालक कुलपात ठेवायचे. याच्याकडे पलटणीतून येताना आणलेला एकच रोळ होता. माघात चार दिवस तो घरी गेला आणि परत आल्यावर त्यानं तो रोळ धुतला. ओली निगेटिव्ह चिमट्याला लावून माझ्या मेजासमोर टांगली.

मी बघितली. सगळीभर तिरक्या रेघा.

"घासली गेली रे फिल्म," मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटलं. "एकच रोळ होता ना तुझा?"

"घासली न्हाई, आण्णा. त्या चांदन्या हायत."

"चांदण्या ठिपक्यासारख्या असतात. मला काय चांदण्या ठाऊक नाहीत?"

"आसत्यात की. पन त्या चालत्यात. दोन तास डब्याचा डोळा उघडा ठेवला, मेंढरांच्या तळावरल्या दगडावर. त्या चालल्या तितकी रेघ उमटली. ह्या बगा तीन जवळ जवळ. ही तिकांडी. तिच्या मागनं ही मोठी उगावली."

मी पुन्हा बघितलं. आणि काय सांगू, ते सुंदर होतं. सगळ्या रेघा एका अंगाला कललेल्या, एकसारख्या. माळावरून कुणी तरी तारांचा पडदा वर ओढत नेतंय असं. आणि त्यासाठी ह्या माणसानं काय केलं होतं? डबा दगडावर ठेवला होता. खटका दाबला होता. आणि घोंगडं पांघरून बसला होता! मी एका गालाला तीन दिवस घालवतो.

मालकांनी फोटो मोठा करून घेतला. पान खायला रोज स्टुडिओत येणारे हायस्कुलातले शास्त्राचे मास्तर होते, त्यांना दाखवला. मास्तरांच्या तोंडातलं पान गळालं. "अहो, ही पृथ्वी फिरताना दिसतेय!" असं ते इतक्या जोरानं ओरडले की रस्त्यावरचा एक टांगा थांबला. त्याच दिवशी दुपारी मालकांनी काचेचं कपाट उघडलं, माझ्या नटाला बाहेर काढलं आणि आतल्या बाजूला, फोटो धुवायच्या हौदाशेजारच्या खिळ्याला टांगलं. काचेत चांदण्या लागल्या.

"तुझा नट काय, तो आहेच की इथं," मालक मला म्हणाले.

हौदाचं पाणी त्याच्या भुवयांवर उडत होतं.

पुढचे आठ दिवस मी भाकरी चावली ती फक्त दात आहेत म्हणून. पेठेतली माणसं काचेसमोर थांबायची आणि टोपी सारखी करायला विसरायची. एकजण म्हणाला, पाऊस आहे. दुसरा म्हणाला, सतारीच्या तारा आहेत. मग मास्तर, जे आता शाळा सुटली की थेट काचेपाशी येऊन उभे राहायचे, ते समजावून सांगायचे, आणि शेवटी आत बोट दाखवायचे, "तो बघा, तो ओल्या हातांचा. त्यानं काढला." तो लाजून डार्करूममध्ये पळायचा. लाजायचा! लाजणारा माणूस लोकांना किती आवडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. नाही तर मीही लाजलो असतो.

आपणही आकाशाचा फोटो काढायचा, असं मी ठरवलं. त्यात काय आहे? मालकांच्या मागे लागून फिल्मचा एक तुकडा मिळवला, जुना कॅमेरा घेतला आणि दिवेलागण झाल्यावर कृष्णेच्या घाटावर गेलो. आता खरं सांगतो, मला पेन्सिल कळत होती, कॅमेरा कळत नव्हता. कॅमेऱ्याबद्दल माझ्या कानावर इतकी वर्षं एकच वाक्य पडत होतं. मालक गिऱ्हाइकावर आणि आमच्यावर दिवसातून शंभरदा ओरडायचे: "उजेड! आधी तोंडावर उजेड घ्या!" रात्रीच्या लग्नात फोटो घ्यायचा तर मालक पत्र्याच्या तबकडीवर पांढरी पावडर पेटवायचे, भक्कन उजेड व्हायचा. मी विचार केला, धनगराला हे कुठलं ठाऊक. त्यानं चांदण्यांच्या तोंडावर उजेड टाकलाच नाही, म्हणून त्याला दोन तास लागले. आपण चांगला उजेड टाकू. लांब आहेत, तेव्हा पावडर जरा जास्त घेऊ.

सात लग्नांची पावडर मी एका तबकडीवर घेतली, आकाशाकडे उंच धरली आणि पेटवली.

त्या रात्री कृष्णेच्या दोन्ही काठांवर दिवस उगवला. कोंबडे आरवले. पलीकडच्या काठावरचा नावाडी "जपान आला! जपान आला!" ओरडत नाव सोडून पाण्यात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात बातमी होती की पुलावर बॉम्ब पडला आणि पूल वाचला. माझ्या भुवया वाचल्या नाहीत. ज्या माणसानं जिल्ह्याच्या भुवया भरल्या, तो महिनाभर बिनभुवयांचा हिंडला.

फिल्म त्यानंच धुतली, कारण धुवायचं काम त्याचं. चिमट्याला लावून घेऊन आला. धुराचा एक मोठा ढग, आणि कोपऱ्यात घाटावर उभी असलेली एक म्हैस, डोळे वटारून.

"आण्णा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा शोधली तरी सापडेना, "म्हस लय झ्याक आलीया."

त्यानं चेष्टा केली असती तर मी माफ केलं असतं.

त्याच आठवड्यात मालकांनी चांदण्यांची निगेटिव्ह माझ्या मेजावर आणून टाकली. "मास्तरांना एक प्रत हवीय, जिमखान्याला एक हवीय. बारीक भोकं पडलीत, तेवढी बुजव." आणि जेवायला गेले. तोही जेवायला गेला. मी, ती निगेटिव्ह आणि पेन्सिल.

मनात काय होतं ते लपवत नाही. एक खोटी रेघ टाकायची. मास्तर शास्त्र शिकवतात, ते ओळखणार. बोंब होणार की ह्या माणसानं चांदण्या हातानं काढल्या. फोटो कपाटातून निघणार, नट परत काचेत येणार. खोटी रेघ वेडीवाकडी काढायला हवी होती, हे मला कळत होतं. पण हातानं ऐकायला हवं ना! पेन्सिलीचं टोक टेकलं आणि हात आपला आपण चालायला लागला. सुरुवातीला केसाइतकी बारीक, मग हळूहळू भरत गेलेली, मधे दाट, आणि शेवटी पुन्हा केसावर येऊन हवेत विरलेली. बाकीच्या रेघांशी तिचा कल बरोबर जमवला. लांबी मात्र जमवली नाही. ती जिथं संपायला हवी होती तिथं संपवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून आणखी बोटभर पुढं नेली. आयुष्यात मी तशी रेघ पुन्हा काढली नाही.

नवी प्रत छापून काचेत लागली. संध्याकाळी मास्तर आले. मी मेजावर वाकून, कान दाराकडे ठेवून बसलो.

मास्तर काचेवर वाकले. मग त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत लावला.

"मालक," ते पुटपुटले, "ही आधी नव्हती."

आलं, मी मनात म्हणालो.

"नव्या प्रतीत जास्त स्पष्ट उमटलीय. पहिल्या प्रतीत आपल्याला दिसलीच नाही! अहो, ही बाकीच्यांपेक्षा लांब आहे. म्हणजे ती बाकीच्यांपेक्षा जोरात चाललीय. म्हणजे हे शेंडेनक्षत्र आहे!"

"शेंडी कुठाय?" मालकांनी विचारलं.

"यायचीय अजून," मास्तर म्हणाले.

झालं. दोन दिवसांत सांगलीत दुसरा विषय उरला नाही. मास्तरांनी पुण्याच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. रोज दिवेलागणीला माणसं पेठेत माना वर करून उभी राहायची आणि, देवाशपथ सांगतो, त्यांना ती दिसायची! ज्याला दिसली नाही त्याला शेजारचा हनुवटीला धरून दाखवायचा. मला स्वतःला एका पानवाल्यानं दाखवली. "ते कौलाचं टोक बघा. त्याच्या वर दोन बोटं. दिसली?" आणि दिसली हो मला! माझीच रेघ, मेजावर बसून काढलेली, मला कौलावर दिसली. क्षणभर ऊर भरून आला. आणि पानवाला म्हणाला, "काय नजर आहे त्या धनगराची!"

आता माझी अवस्था ध्यानात घ्या. आधी निदान त्याच्या गोष्टीचं कौतुक व्हायचं आणि मी जळायचो. आता माझ्या गोष्टीचं कौतुक होत होतं आणि मी त्याहून जास्त जळत होतो. माणसं काचेला नाक लावून नेमकी तीच रेघ बघायची. "मधली बघा, मधली! बाकीच्या काय, असतातच." असं कुणी म्हटलं की मला त्याला मिठी मारावीशी वाटायची. आणि मग तो मला ओलांडून डार्करूमच्या दाराकडे बघायचा.

उसाच्या गावांतून बायका यायला लागल्या. ज्यांची पोरं पलटणीत होती अशा. शेंडेनक्षत्र निघालं म्हणजे राज्य बदलतं, लढाई संपते, असं मास्तर म्हणाले होते. एक म्हातारी बाजाराच्या दिवशी आली, काचेवर नेमकी माझ्या रेघेवर कुंकवाची टिकली लावली आणि नारळ आमच्या धनगराच्या हातात दिला.

"बाबा, ही माझ्या पोराला तिकडं मिसरात बी दिसत आसंल का रं?"

त्यानं नारळ हातात फिरवला. मग म्हणाला, "दिसत आसंल, मावशी. मी तिकडं हुतो तवा मला बी इकडल्या चांदन्या दिसत हुत्या."

म्हातारी डोळे पुसत गेली. आणि मी, सांगायला लाज वाटते पण सांगतो, त्या वेळी म्हातारीचा विचार केला नाही, तिच्या पोराचा केला नाही. नारळाकडे बघत राहिलो. माझ्या रेघेचा नारळ! संध्याकाळी त्यानं तो फोडला आणि मोठी कवड मला दिली. मी ती खाल्ली. गोड होती, त्याचाही राग आला.

शिमग्याच्या आधी त्याचा बाप आला. दरवर्षी ही माणसं मेंढरं घेऊन दुष्काळी भागातून खाली नदीकाठी उतरतात. ऊस तुटलेल्या रानात रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं. बापाचा तळ सांगलीजवळ पडला होता आणि बाजाराच्या दुपारी तो लेकाला भेटायला आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोक्यावर लाल पटका. मालकांनी त्याला खुर्ची दिली. तो जमिनीवरच बसला. पण मास्तर तिथंच होते, त्यांनी त्याला उठवून काचेपाशी नेलं. "आजोबा, बघा लेकाचं काम!" भोवती वीस-पंचवीस माणसं जमली. पानवालाही आला. मी आतच राहिलो, पण उंबऱ्यापर्यंत आलो.

म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकली आणि फोटो बघितला. जनावरांच्या बाजारात मेंढरू बघतात तसा, घाई न करता, एका टोकाकडून.

"ही तिकांडी," म्हणाला. "ही तिच्या मागली. ही तांबडी. ही... न्हाई. ही आमची न्हवं."

"कोणती?" मास्तर म्हणाले.

"ही बया. सगळ्यात देखणी हाय ती." (हे तरी बोलला! उंबऱ्यात माझी मान ताठ झाली.) "आवं, समदा कळप येका येळंला उठला आन् येका येळंला बसला. जेवढं चालणं तेवढं समद्यांचं. ही येकलीच बोटभर म्होरं गेली कशी? कळपात दुसऱ्याचं मेंढरू घुसलं की आसंच दिसतं."

"आजोबा, ते शेंडेनक्षत्र आहे. ते जोरातच जातं."

"आसंल की. तुमी शिकल्याली मानसं." म्हाताऱ्यानं पटका सारखा केला. "पन मी रोज उघड्यावर निजतो. मला न्हाई दिसली. तुमांस्नी दिसली व्हय?"

जमलेल्या माणसांतल्या निम्म्यांना आपल्या वहाणांमध्ये काही तरी बघण्यासारखं सापडलं. पानवाला दुकान उघडं राहिलंय म्हणून निघून गेला. मास्तरांचा चेहरा जांभळा झाला. पुण्याला गेलेलं पत्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. मालकांनी हाक मारली. तो हात पुसत बाहेर आला.

"खरं सांग," मालक म्हणाले. "ह्यात काही हात मारलायस? मी लोकांना काय सांगितलं, मास्तरांनी काय सांगितलं! खोटं काम माझ्या काचेत चालणार नाही. ज्यानं केलं असेल त्याला इथं जागा नाही."

आता बघा. महिनाभर ज्याची वाट बघितली तो क्षण समोर उभा होता, आणि मला काहीसुद्धा करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं. तो 'नाही' म्हणणार, कुणी विश्वास ठेवणार नाही, तो जाणार, नट काचेत येणार. गप्प बसणं एवढंच काम, आणि तेही फुकट.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग मालकांकडे.

"व्हय मालक. मीच काढली ती. पेन्सिलीनं."

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. झालाही असेल, डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. पण मग ते वाक्य माझ्या आत उतरलं. मीच काढली! काचेतली जागा त्याची. मास्तर त्याचे. नारळ त्याचा. म्हातारी त्याची. आणि आता रेघही त्याची? ज्या रेघेनं महिनाभर सगळं गाव माना मोडून उभं केलं, ती ह्यानं काढली?

"खोटारडा!" मी ओरडलो. उंबरा ओलांडून रस्त्यावर कधी आलो ते कळलं नाही. "ह्याला पेन्सिलीचं टोक तरी करता येतं का? विचारा! ही रेघ बघा, मालक. सुरुवात बघा, केसासारखी. मधे भरली कशी बघा. आणि शेवट! असा शेवट ह्याच्या बापाला तरी... आजोबा, माफ करा, तुम्हाला म्हणालो नाही. अशी रेघ काढणारा हात साताऱ्यापासून मिरजेपर्यंत एकच आहे!"

"कुणाचा?" मालक म्हणाले.

"माझा!"

मी बोललो, आणि मग मी काय बोललो ते ऐकलं.

समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं. पहिला आवाज म्हाताऱ्याचा. तो काठीवर वाकून हसत होता.

"गड्या," म्हणाला, "चोरीचं मेंढरू बी येवढं वरडत न्हाई रं."

मालकांनी मला घालवलं नाही. घालवतील असं मला तीन तास वाटत होतं, आणि ते तीन तास मी माझ्या मेजाचे खण आवरत होतो. पण व्रण असलेली माणसं रोज येत होती आणि दुसरा हात नव्हता. मालक एवढंच म्हणाले, "ती निगेटिव्ह घे. तुझ्या हातानं पूस. पुसलेली छापून घे आणि काचेत लाव." पुसायला कापसाचा बोळा आणि टर्पेंटाइनचे दोन थेंब लागतात. एका फेऱ्यात गेली. बायकांना मालकांनी खरं ते सांगितलं. त्या म्हाताऱ्या बाईला फारसं वाटलं नाही. "पुसली तर पुसली," म्हणाली, "माझं तिला सांगून झालंय."

नवी प्रत छापायला मी डार्करूममध्ये गेलो. लाल दिव्यात तो ताटलीतला कागद हलवत होता. त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण अंधारात माणूस जास्त वेळ गप्प राहू शकत नाही.

"तुला कधी कळलं?"

"पयल्या दिशी. छापताना निगेटिव्ह उजेडाला धरली. शिसं चमाकलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या हातची हुती." त्यानं कागद उलटा केला. "मला वाटलं, फोटो तुमांस्नी आवडला म्हून तुमी त्याच्यात आपली बी येक घातली. आमच्यात कुनाचा कळप लय आवडला तर मानूस आपलं येक कोकरू त्याच्यात सोडतोय. आन् रेघ आशी झ्याक, आण्णा, पुसावी वाटंना."

"आणि आज? जागा गेली असती तुझी."

"मला काय, मेंढरं हायत. तुमांस्नी कुटं हायत मेंढरं?"

मी ताटलीतला कागद उचलून चिमट्याला लावला.

मालकांच्या शिक्षेचा दुसरा भाग राहिला होता. फोटोखाली पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात, फोटो कुणी काढला त्याचं नाव लिहून लावायचं. आणि लिहायचं मी. ते नाव मी इथं लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे. बोरूनं, काळ्या शाईनं लिहिलं. वाईट लिहिणार होतो. पुन्हा हातानं ऐकलं नाही. वेलांटी अशी वळली की वळून झाल्यावर मीच तिच्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी दारात उभा होतो. कॉलेजातली दोन मुलं सायकली हातात धरून काचेपाशी थांबली. चांदण्या बघितल्या. मग एकानं खाली बोट दाखवलं.

"अक्षर बघ की लेका. छापल्यागत."

"चांदणीवाल्याचंच असणार. ज्याला असला फोटो जमतो त्याला अक्षर जमायला काय?"

माझं तोंड उघडलं. जीभ दातांपर्यंत आली. पण त्याआधीच माझ्या मागून, ओले हात विजारीला पुसत, तो बाहेर आला.

"न्हाई वं," तो मुलांना म्हणाला, "ते ह्या आण्णांनी लिवलंय. आन् मागं ती मोठी चांदनी हुती ना, ती बी ह्येंचीच. मला जन्मात जमायची न्हाई तसली."

मुलांनी माझ्याकडे वळून बघितलं. महिनाभर मला जसं बघायला हवं होतं अगदी तसं, भुवया उंचावून, आदरानं. आणि ते मला त्याच्या हातून मिळालं. मी हसलो, कारण दुसरं काय करणार होतो? चहा तसाच टाकून आत गेलो आणि बोटाला लागलेली बोरूची शाई हौदावर घासत बसलो. ती चार दिवस निघाली नाही.